बारसे झाले, पाहुणे गेले…

बारशाचा दिवस मोठ्या धामधुमीचा असतो. पाळण्याला झेंडूच्या माळा लागतात, बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्याचा मान मिळतो, आत्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते आणि पाठीवर पडणारे धपाटे हसत हसत सोसते. घुगऱ्या वाटल्या जातात. सोन्याच्या बिंदल्या, चांदीचे वाळे आणि एकाच मापाची पंधरा झबली जमा होतात. (ही झबली तीन महिन्यांत तोकडी होणार, हे देणाऱ्यांपैकी कोणाच्याच ध्यानात कसे राहत नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.) संध्याकाळी शेवटचा पाहुणा उद्वाहनाचे दार लावून घेतो आणि घरात शांतता पसरते. ती शांतता तासाभराचीच असते.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा पुण्याच्या हिंजवडी-वाकड परिसरात अशा शेकडो सदनिका आहेत. नवरा-बायको दोघेही संगणक क्षेत्रातले. मुलीची आई सांगलीहून आली, तीन आठवडे राहिली आणि वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे परतली. सासूबाईंची नोकरी अजून दोन वर्षे शिल्लक आहे. रात्री पावणेतीनला बाळ रडू लागते. दूध पाजून झालेले, लंगोट बदललेला, दिवा लावून झाला, विझवून झाला. शेवटी सांगलीला दूरध्वनी जातो. पलीकडून झोपेने जड झालेला आवाज येतो, “अगं, उभी धर तिला खांद्यावर. पाठीवरून हात फिरव. ढेकर निघाला की थांबेल.” ढेकर निघतो, बाळ थांबते. मग आई रडू लागते आणि तिला कोणी खांद्यावर धरावे, हे शेजारी अवघडून बसलेल्या नवऱ्याला सुचत नाही.

पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी हा प्रसंग मध्यमवर्गीय मराठी घरात घडलाच नसता असे नाही. पण तो इतका एकाकी नक्कीच नसता. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जायचे, ही केवळ हौसेची रीत नव्हती. ती एक पक्की व्यवस्था होती आणि तिच्यात कामांची वाटणी ठरलेली होती. सकाळी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई यायची. तिचे हात खरखरीत असायचे. पण ती पाय लांब करून बसली आणि बाळाला पालथे पायावर घेतले की घरातल्या सर्वांचा जीव निर्धास्त व्हायचा. आई स्वयंपाकघर सांभाळायची. डिंकाचे नि आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, तुपाची धार सोडलेला मऊ भात हे सारे तिच्या देखरेखीखाली असायचे. दुपारी बाळ झोपले की बाळंतिणीने झोपायचे, हा आजीचा हुकूम होता आणि तो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. दुपटी धुण्याचे काम धाकट्या मावशीकडे आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पेपर वाचण्याचे काम आजोबांकडे. सव्वा महिना बाळंतिणीने उंबऱ्याबाहेर पडायचे नाही, या नियमावर पुढे सुधारकांनी पुष्कळ टीका केली. तिच्यातील काही रास्तच होती. परंतु त्या नियमाचा एक व्यावहारिक अर्थ असा होता की, त्या सव्वा महिन्यात त्या स्त्रीकडून कोणीही कसलेही काम मागायचे नाही. सक्तीची विश्रांती म्हणतात ती हीच. आजच्या मानव संसाधन विभागांना ती शब्दांत मांडायला दहा पानांचे परिपत्रक लागते.

या व्यवस्थेतून आणखी एक गोष्ट आपोआप घडत असे, तिची नोंद फारशी घेतली जात नाही. मुलगी लग्न होईपर्यंत घरात पाच-सहा बाळंतपणे पाहिलेली असायची. भावजयीचे बाळ तिने मांडीवर घेतलेले असायचे, मान कशी धरायची हे तिच्या हाताला ठाऊक असायचे. आज तिशीत आई होणाऱ्या कित्येक उच्चशिक्षित मुलींनी नवजात अर्भक प्रथम हातात घेतलेले असते, ते स्वतःचेच. त्यांच्या नवऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. अज्ञान हा येथे त्यांचा दोष नाही. ज्या घरात शिकायचे, ते घरच चार ठिकाणी विखुरले आहे.

मात्र गतकाळाचे हे चित्र रंगविताना डोळे मिटून चालणार नाही. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच तिच्यात शिरलेला गाळ आधी उपसायला हवा. प्रसूतीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे घट्ट पिवळसर दूध, ज्याला चीक म्हणतात, ते अशुद्ध समजून पिळून टाकण्याची चाल अनेक घरांत होती आणि बाळाला त्याऐवजी मध, गुळाचे पाणी किंवा गाईचे दूध चाटविले जात असे. वस्तुतः तो चीक म्हणजे बाळाला आईकडून मिळणारे पहिले संरक्षक कवच. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली. तिच्यात शेगडी पेटवून धुरी द्यायची आणि त्या धुरात आठ दिवसांचा जीव खोकत ठेवायचा, यात आरोग्य कोणते? बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे, डोळ्यांत घरचे काजळ खसाखसा भरायचे, हेही त्यातलेच. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, मुलगी झाली म्हणताच हे सारे कोडकौतुक निम्म्यावर यायचे. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी, येथवर गोष्ट गोड होती; पण सासरहून बघायला येणाऱ्यांची पावले किती दिवसांनी वळतात, यावरून बाळंतिणीला आपली किंमत कळत असे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती. २०११ मध्ये ती ८९४ झाली. ही घसरण शिकल्या-सवरलेल्या, सोनोग्राफीचे पैसे मोजू शकणाऱ्या महाराष्ट्रातली आहे. जिजाऊंचे नाव घेणाऱ्या समाजाने हे आकडे घराच्या भिंतीवर लावून ठेवावेत.

आता बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात, म्हणून चिकाचा प्रश्न संपला, अशी समजूत असेल तर तीही तपासून घ्यावी लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच भरले. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण ६३.७ टक्के. म्हणजे अंधारी खोली गेली, झगझगीत प्रसूतिगृह आले, तरी बाळ आईपासून दूरच राहिले. खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे हीच पाहणी सांगते. काही वेळा ती शस्त्रक्रिया आई-बाळाचा जीव वाचविते, हे निर्विवाद. पण पोटावर टाके घेऊन घरी परतणाऱ्या स्त्रीला आधीच्या पिढीपेक्षा अधिक मदतीची गरज असते आणि नेमकी तिच्याच वाट्याला कमी मदत येते.

मग आपले शास्त्र काय सांगत होते? चाली-रूढी आणि शास्त्र यांत अंतर पडले की समाजाची गफलत होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग आहे. बालकांची शुश्रूषा हा ज्या देशात वैद्यकाचा स्वतंत्र विभाग मानला गेला, तो देश बालसंगोपनात मागास खासच नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात कुमारागाराचे, म्हणजे बालकाच्या खोलीचे, वर्णन आहे. ती खोली अंधारी नसावी, तिच्यात थेट वाऱ्याचे झोत येऊ नयेत, डास-उंदीर आणि हिंस्र प्राण्यांचा उपद्रव नसावा, अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे आणि मळलेले कपडे धुऊन नीट सुकवूनच पुन्हा वापरावेत, असे चरकाचार्य सांगतात. खेळण्यांविषयीची त्यांची सूचना तर आज एखाद्या मानक संस्थेच्या नियमावलीत शोभावी अशी आहे. खेळणी आवाज करणारी, मनोहर, वजनाला हलकी असावीत. ती टोकदार नसावीत, बाळाच्या तोंडात जातील अशी नसावीत, भीती वाटावी अशीही नसावीत. बाळाला बागुलबुवा दाखवून भिववू नये, हेही तेथेच सांगितले आहे. अंधाऱ्या बाळंतखोलीचे समर्थन करणाऱ्याने चरक वाचला नव्हता, एवढाच याचा अर्थ.

सोळा संस्कारांच्या क्रमाकडे पाहिले तरी हीच सूक्ष्म दृष्टी दिसते. जातकर्म, नामकरण, मग साधारण चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे बाळाला प्रथम घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडविणे, आणि सहाव्या महिन्यात अन्नप्राशन, ज्याला मराठी घर उष्टावण म्हणते. बाळाची मान सावरली, नजर स्थिरावली की बाहेरचे जग. पचनशक्ती आली की अन्न. जागतिक आरोग्य संघटना आज सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर पूरक आहार असे सांगते, तेव्हा आपल्या उष्टावणाचा मुहूर्त तिने नव्याने काढून दिल्यासारखे वाटते. मात्र येथेही विवेक हवा. जातकर्मात मध-तूप चाटविण्याचा विधी आहे आणि वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते, असे आजचे बालरोगतज्ज्ञ एकमुखाने सांगतात. अशा वेळी मंत्र म्हणावा, आशीर्वाद द्यावा आणि मधाची वाटी देवापुढेच ठेवावी. विधीतील द्रव्य बदलल्याने संस्कार बुडत नाही. मुलाच्या आयुष्याची कामना हाच त्याचा गाभा. घुटीबाबतही तेच. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे औषधी गुण कोणी नाकारत नाही, पण कधी धुतली कोणास ठाऊक अशा सहाणेवर, न उकळलेल्या पाण्यात उगाळलेली घुटी पंधरा दिवसांच्या पोटात घालण्यापूर्वी वैद्यांना नि डॉक्टरांना विचारलेले बरे.

घर मागे सरले, की ती जागा रिकामी राहत नाही. तेथे बाजार येतो. बाळ पोटात असताना गर्भसंस्काराच्या वर्गांना आज गर्दी असते. वीणेचे सूर, श्लोक, चित्रे, भरमसाट शुल्क, सारे काही असते. ते मुळात वाईट नाही. परंतु नऊ महिने पोटातल्या बाळाला श्लोक ऐकविणारे घर, ते बाळ हाती आल्यावर आईला सलग चार तास झोप मिळेल अशी सोय करू शकत नसेल, तर त्या संस्कारांचा क्रम कुठेतरी चुकला आहे. दहाव्या महिन्याचा वर्ग कोणी काढत नाही, कारण त्यात पैसा नाही. तेथे लागतात हात.

बाजाराची खरी ताकद दुधाच्या डब्यात आहे. बाळ थोडे जास्त रडले की शेजारीण म्हणते, दूध पुरत नसेल. आई आधीच साशंक असते. ती डबा आणते, बाळ बाटलीला लागते, अंगावर कमी पिते आणि मग दूध खरोखरच कमी होते. संशयाचे असे वास्तवात रूपांतर होते. नवजात बाळ दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पिते, पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे रडणे सर्वाधिक असते आणि मग ओसरू लागते, एवढी साधी माहिती त्या घरात कोणाला असती तरी अर्धे डबे दुकानातच राहिले असते. मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या प्रचाराला आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेपुढे आली, तेव्हा ११८ राष्ट्रांनी तिच्या बाजूने कौल दिला आणि विरोधात एकच मत पडले. ते अमेरिकेचे होते. भारताने १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला, २००३ मध्ये तो अधिक कडक केला आणि दोन वर्षांखालील बालकांच्या अशा खाद्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. कायदा चांगला आहे. मात्र डॉक्टरच्या टेबलावरील दिनदर्शिका, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील ‘अनुभवी मातां’चे सल्ले अशा आडवाटांवर त्याची नजर पुरत नाही. आईला खरोखरच दूध नसेल, ती आजारी असेल, तर डबा वापरण्यात पाप नाही. त्या आईला दूषणे देणारे लोक डबा विकणाऱ्यांपेक्षा वाईट. मुंबईच्या शीव येथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळावे, या कल्पनेत जे मातृत्व आहे, ते कोणत्याही भाषणापेक्षा मोठे आहे.

पाश्चात्त्यांकडे बोट दाखवून कुटुंबव्यवस्थेच्या थोरवीवर व्याख्यान देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते बोट जरा जपून उचलावे. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. संघराज्याच्या पातळीवर खाजगी क्षेत्रातील मातेला पगारी रजेचा हक्क नाही. म्हणूनच तर न्यूजर्सी आणि कॅलिफोर्नियातील मराठी घरांत आधी मुलीची आई आणि मग सासूबाई अशा पाळ्या लावून बाळंतपणे निभावली जातात. मेथकूट, आळीव आणि डिंक बॅगेत भरून साठीच्या बायका सात समुद्र ओलांडतात, बर्फात अडकून बसतात, भाषा न कळणाऱ्या शेजारात तीन-चार महिने काढतात. हिंदू कुटुंबाचे बळ पाहायचे असेल तर ते त्या विमानतळांवर पाहावे. परंतु नेदरलँडचे उदाहरणही विसरू नये. तेथे प्रसूतीनंतर पहिले आठ-दहा दिवस प्रशिक्षित परिचारिका रोज काही तास घरी येते. आई-बाळाची तपासणी करते, पाजायला शिकविते, मोठ्या भावंडाकडे आणि घरकामाकडेही पाहते. आणि ही सोय निवडक श्रीमंतांची नाही, सर्वसामान्य व्यवस्थेचा भाग आहे. तेथे एकत्र कुटुंब नव्हते, म्हणून समाजाने व्यवस्था उभी केली. आपण मात्र कुटुंब विरळ होऊ दिले आणि त्याच्या जागी व्यवस्थाही उभारली नाही. दोन्ही टोकांनी हात रिकामे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी ठेवण्यात आल्या. सव्वीस आठवडे म्हणजे जवळपास उष्टावणापर्यंतचा काळ. हिशेब अचूक आहे. पण हा हिशेब संघटित क्षेत्रापुरता. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला येणारी बाई फडाच्या बांधावर झोळीत बाळ टांगून कोयता चालविते, तिच्या सव्वीस आठवड्यांचे काय? मध्यमवर्गीय वाचकाच्या घरी भांडी घासायला येणारी बाई बाळंतपणानंतर किती दिवसांनी कामावर आली आणि त्या दिवसांचा पगार तिला कोणी दिला, हा प्रश्न तर सरकारलाही विचारायचा नाही. तो स्वयंपाकघरातच विचारता येतो.

आणि वडील? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा पंधरा दिवसांची आहे. खाजगी क्षेत्रात ती मालकाच्या मर्जीवर. रजा मिळाली तरी ती कशी घालवायची, हे बहुतेक पुरुषांना उमगत नाही. बाळाला पाजणे सोडले तर ढेकर काढणे, लंगोट बदलणे, न्हाऊ घालणे, रात्री फेऱ्या मारत झोपविणे यांतील एकही काम असे नाही की जे पुरुषाच्या हाताला जमणार नाही. ‘मदत करतो’ हा शब्दही सोडून द्यावा. स्वतःच्या मुलाला सांभाळणे ही बायकोला केलेली मदत कशी होऊ शकते?

येथे एक अप्रिय गोष्ट मांडणे भाग आहे. संघटनेच्या कामात बुडालेल्या गृहस्थ कार्यकर्त्याच्या घरात हे चित्र काही वेगळे नसते. पुष्कळदा अधिक बिकट असते. दिवसभर नोकरी, सायंशाखा, साडेआठला बैठक, रविवारी प्रवास. घरी दोन महिन्यांचे बाळ आणि त्याच्याशी दिवसभर एकटीच बोलणारी पत्नी. ती तक्रार करीत नाही, कारण ‘कामाचे घर’ म्हणून तिने ते स्वीकारलेले असते. बैठकीत कुटुंबव्यवस्थेच्या संकटावर चर्चा रंगते आणि चर्चा करणाऱ्यांपैकी एकाच्या घरी त्याच वेळी ते संकट पाळण्यात रडत असते. जेथे जाणता कार्यवाह असतो, तेथे ‘तुझ्या घरी बाळ आहे, सहा महिने तू फक्त सकाळच्या शाखेला ये, बाकीचे आम्ही पाहतो’ असे तो स्वतःहून सांगतो. असे कार्यवाह आहेत. ते अपवाद ठरू नयेत. २०२५ च्या विजयादशमीला संघाने शताब्दी गाठली, त्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला मानाचे स्थान मिळाले. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, एकत्र बसावे, हा त्यातील आग्रह उत्तमच आहे. पण ज्या घरात बाळंतीण आहे, तेथे एकत्र जेवणाच्या आधी ते जेवण कोणी रांधायचे, याचाही विचार प्रबोधनात यावा.

विचार यावा याचे आणखी गंभीर कारण आहे. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येणे, मन खट्टू होणे हे बहुतेक मातांना होते आणि ओसरते. काहींचे ते ओसरत नाही. झोप उडते, बाळाविषयी काहीच वाटेनासे होते, आपण वाईट आई आहोत असे मनाला खात राहते, कधी जीव नकोसा होतो. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या घरांत मात्र त्याला नावे वेगळी मिळतात. ‘आजकालच्या मुलींना सोसवतच नाही’ किंवा ‘आम्ही नाही का चार-चार मुले वाढविली?’ ही वाक्ये बोलणारी स्त्री दुष्ट नसते, तिला स्वतःचे जुने दुःख आठवत नसते एवढेच. एकत्र कुटुंबात असे दुखणे झाकले जाण्याची सोय होती आणि कोणाच्या तरी लक्षात येण्याचीही शक्यता होती. बंद दाराच्या सदनिकेत ती दुसरी शक्यता उरत नाही.

म्हणूनच गडचिरोलीकडे पाहावे लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घरोघरी जाऊन घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाला ऊब द्या, लगेच पाजा, हात धुवा, श्वास आणि ताप पाहा, जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार सुरू करा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हाच विचार २०११ पासून देशव्यापी योजनेत उतरला आणि रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाला पहिल्या ४२ दिवसांत आशा सेविकेच्या सहा भेटी ठरल्या. शहरातील आशा मुख्यतः झोपडवस्त्यांत जातात. उत्तुंग इमारतीतल्या, शिक्षित, पगारदार घराचे दार मात्र कोणीच वाजवत नाही. तेथे सुरक्षारक्षक आहे, पण सुईण नाही.

हे दार वाजविण्याची क्षमता ज्यांच्याकडे आहे, त्यांनी त्याचा हिशेब करावा. वस्तीवस्तीत संपर्क असलेल्या स्वयंसेवकांना, सेविकांना कोणाच्या घरी निवडणुकीला मतदार किती हे तोंडपाठ असते. कोणाच्या घरी सहा महिन्यांखालचे बाळ आहे, ही यादी करायला एक संध्याकाळ पुरेशी आहे. प्रत्येक नगरात साठीच्या पुढच्या, हातपाय धड असलेल्या, नातवंडे परदेशात असल्याने मांडी रिकामी असलेल्या आज्या आहेत. दुपारी दोन ते चार बाळाला सांभाळायला त्या आनंदाने जातील. मात्र कोणीतरी त्यांना नीट बोलवायला हवे आणि बालरोगतज्ज्ञाकडून दोन तासांची उजळणी करून घ्यायला हवी, म्हणजे काजळ, मध आणि धुरीचे सल्ले मागे राहतील व तेल, ऊब, अंगाई पुढे जातील. त्या दुपारी बाळाशी मराठीत बोलतील, हा फायदा वेगळाच. एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. बाळाला बाळगोपाळांची गाणी यंत्राने ऐकविण्याऐवजी हातात टाळ नसलेली आजी बेसूर का होईना, पाळणा म्हणेल.

जाणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. आधी विचारून जावे. बाळ नुकतेच झोपले असेल तर उद्या जावे. दारातच हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये आणि बाळाचे मुके घेऊ नयेत. बाळ कोणावर गेले याची चर्चा लांबवू नये. आईला आधी ‘तू जेवलीस का?’ असे विचारावे, बाळाचे वजन नंतर. बाळ दूध ओढत नसेल, निस्तेज पडून असेल, अंग तापलेले किंवा गार लागत असेल, श्वास भरभर चालत असेल वा पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला असेल, तर घरगुती उपाय सांगत बसू नये, रिक्षा बोलवावी. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींच्या तारखा विचारून घ्याव्यात आणि वडील कामावर असतील तर दवाखान्यात सोबत जावे. जाताना भाजी-पोळीचा डबा न्यावा. चहाची अपेक्षा धरू नये. थर्मासमध्ये आपलाच नेता आला, तर त्या घरात तो दोन कप जास्तीचा न्यावा.